बोटीवर राहायचं तर आधी पाण्याचा हिशेब

पिणं आणि स्वयंपाक यांसाठी माणशी दिवसाला किमान ४ लिटर पाणी धरा. रोज अंघोळ करायची असेल तर २० लिटरही सहज संपतात. भांडी समुद्राच्या पाण्यात घासून शेवटी तेवढी वाटीभर गोड्या पाण्यात विसळली, तरी बरीच बचत होते.

टाक्या दोन हव्यात आणि मधला व्हॉल्व्ह एरवी बंद. डेकवरच्या झाकणाची रबरी रिंग कडक पडली की लाटेचं पाणी आत झिरपतं. मग एक टाकी नासली तरी दुसरी वाचते.

पावसासाठी ताडपत्री बांधा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ३ बाय २ मीटरच्या ताडपत्रीवर १० मिलिमीटर पडला तर ६० लिटर. ताडपत्री ताणून सपाट बांधली तर वाऱ्यानं फडफडून पाणी उडून जातं, म्हणून मधे खोलगट ठेवा आणि तिथेच नळी जोडा. सुरुवातीचं पाणी सोडून द्या. चाखून बघा, खारट लागेनासं झालं की मगच नळी टाकीत.

पाणी गोडं करणारं यंत्र बंदरात चालवू नका, डिझेलचा तवंग मेम्ब्रेनची, म्हणजे मीठ अडवणाऱ्या पातळ पडद्याची, वाट लावतो. खुल्या समुद्रात दाब हळूहळू ५५ ते ६० बारपर्यंत न्या. टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मोजणारा मीटर ५०० पीपीएमच्या (दशलक्ष भागांत ५०० भाग) खाली आल्याशिवाय पाणी टाकीत घेऊ नका. काम झालं की मेम्ब्रेन गोड्या पाण्यानं धुवा, यंत्र बंद असलं तरी आठवड्यातून एकदा. आणि घोळ होतो तो नेमका इथेच! टाकीत क्लोरीन घातलेलं असतं, त्याच पाण्यानं धुतलं की मेम्ब्रेन खराब होते. त्या दिवशी काहीच कळत नाही. पुढे टीडीएस चढत जातो आणि मेम्ब्रेन बदलण्यावाचून इलाज उरत नाही. धुण्याच्या नळीत कार्बन फिल्टर बसवा आणि तो वेळच्या वेळी बदला. महिनाभर बंद ठेवायचं असेल तर आत जंतू वाढू नयेत म्हणून सोडियम मेटाबायसल्फाइटचं द्रावण भरा.

समुद्रावर १०० जणांची वस्ती करायची म्हटली तरी गणित हेच. माणशी ५० लिटर धरले तर रोज ५,००० लिटर. किनाऱ्यावरच्या पाणी गोडं करणाऱ्या मोठ्या प्रकल्पांना १,००० लिटरमागे ३ ते ४ युनिट वीज लागते, लहान यंत्रांना त्याहून जास्त, म्हणजे रोज किमान २० युनिट फक्त पाण्यापायी बाजूला ठेवा. उरलेलं दाट खारं पाणी प्रवाहाच्या खालच्या अंगाला सोडा, नाहीतर तेच फिरून पंपात येतं.