पहिली रोड बाइक: आधी माप, मग भाव

माझी पहिली रोड बाइक, म्हणजे डांबरी रस्त्यावर वेगाने चालवायची सायकल, मी रंग बघून घेतली. फ्रेम (सायकलचा सांगाडा) ५६ सेंटिमीटरची, माझी उंची पाच फूट सहा इंच. नागपूरच्या फुटाळा तलावाला पोहोचेपर्यंत मान-खांदे आखडायचे. दुकानदार म्हणाला होता, "सीट खाली केली की झालं." नाही होत. सीट खाली येते, हँडल तेवढंच लांब राहतं.

म्हणून पायाच्या आतल्या बाजूचं माप घरीच घ्या. अनवाणी भिंतीला टेकून उभे राहा, जाड पुस्तक पायांमध्ये घट्ट वर दाबा आणि त्याच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंत मोजा. माझं ७८ सेंटिमीटर भरलं. त्याला ०.६७ ने गुणलं की ५२ सेंटिमीटरच्या आसपासची फ्रेम. हा अंदाज, कंपनीचा साइज चार्टही बघाच.

दुकानात नुसतं बसू नका, दहा मिनिटं चालवा. पेडल तळाशी असताना त्यावर टाच ठेवली तर पाय सरळ व्हावा. ब्रेकच्या हूडवर (ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी मुठीवर) हात ठेवल्यावर कोपर किंचित वाकलेलं हवं. ताठ असेल तर बाइक तुमच्यासाठी लांब आहे.

बजेट कमी असेल तर सेकंड हँड घ्या, बिनधास्त. फक्त चाक फिरवून डुलतं का बघा, आणि हँडलखालच्या जोडाला भेग दिसली तर फुकटातही नको. आपल्या सिमेंट रस्त्यांचे सांधे २३ मिलिमीटर रुंदीच्या टायरवर मनगटात झणझणतात, तेव्हा २८ चे बसतील का, हे विचारा. हेल्मेट, पंप आणि जादा ट्यूबचे पैसे आधीच बाजूला काढा.