पित्ताशयाचा सोनोग्राफी रिपोर्ट कसा वाचावा

ऑपरेशनमध्ये काढलेली पित्ताशयं तपासणीसाठी माझ्या टेबलावर येतात. कात्रीने उभं चिरलं की शिकाऊ डॉक्टर आधी खडे मोजतात. मी आधी अस्तरावरचा बुळबुळीत थर बघते. चिमट्याने उचलला की त्याची तार निघते आणि बारीक खडे त्यातच रुतलेले असतात. तो थर म्हणजे म्युसिन, अस्तरानेच सोडलेलं चिकट प्रथिन. म्हणून रिपोर्ट हातात आला की 'खडा आहे का' एवढीच ओळ शोधू नका.

आधी आठवा, तपासणीला सहा-आठ तास उपाशी गेला होतात ना? खाल्ल्यावर पित्ताशय आकसतं आणि भिंत उगीच जाड दिसते.

मग भिंतीचा आकडा बघा. ३ मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून जास्त असेल, आत खडे असतील आणि प्रोब (सोनोग्राफीत पोटावर फिरवतात ते यंत्र) दाबल्यावर नेमकी तिथेच कळ येत असेल, तर सुजेची शंका घ्यायची. नुसत्या जाड भिंतीवरून मात्र घाबरू नका. डेंग्यूत, यकृताच्या किंवा हृदयाच्या आजारातही ती जाड होते.

आता 'स्लज' असं लिहिलंय का ते बघा. लोक ही ओळ सोडून देतात, आणि मला तीच सगळ्यात महत्त्वाची वाटते. स्लज म्हणजे म्युसिनच्या जेलीत अडकलेले कोलेस्टेरॉलचे स्फटिक आणि बिलिरुबिनचे कॅल्शियम क्षार. म्युसिनच्या रेणूचे काही भाग पाण्यापेक्षा चरबीशी जास्त जमवून घेतात. तिथे कोलेस्टेरॉल चिकटतं आणि स्फटिक लवकर धरतात. अस्तराला सूज आली की प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्यं वाढतात, म्युसिन आणखी सुटतं, पित्त घट्ट होतं, पित्ताशय पुरतं रिकामं होत नाही. पुढे खडा नळीच्या तोंडाशी अडकला की पुन्हा सूज. ॲस्पिरिन हीच प्रोस्टाग्लँडिन बनणं रोखतं. १९८१ साली प्रेअरी डॉग या खारीसारख्या प्राण्यांना भरपूर कोलेस्टेरॉलच्या आहारासोबत ते दिलं, तेव्हा म्युसिन वाढलं नाही आणि खडेही झाले नाहीत. हे वाचून स्वतःच्या मनाने ॲस्पिरिन सुरू करू नका. तो डोस फार मोठा होता.

गरोदरपणात, झपाट्याने वजन उतरवल्यावर, सेफ्ट्रायॅक्सोन हे इंजेक्शन चालू असताना स्लज होतो आणि कारण गेलं की बरेचदा विरून जातो. तेव्हा पुन्हा सोनोग्राफी कधी करायची, हे डॉक्टरांना विचारून घ्या.

कूस बदलल्यावर सरकतो आणि मागे काळी सावली पाडतो तो खडा. स्लज हळू सरकतो, सावली पाडत नाही. पॉलिप, म्हणजे अस्तरावरची गाठ, जागचा हलत नाही.

खडे असून त्रास नसेल तर बहुतेकांना ऑपरेशन लागत नाही. पण उजव्या बरगडीखालची कळ काही तास थांबत नसेल, ताप असेल, डोळे पिवळे दिसत असतील, तर थेट हॉस्पिटल गाठा. खडे 'पाडणारे' तेलाचे काढे कृपा करून घेऊ नका. त्यानंतर शौचातून पडणाऱ्या हिरव्या गोळ्या बहुतेक वेळा त्या तेलाच्याच साबणासारख्या गुठळ्या असतात.

आणि पित्ताशय काढलंच, तर त्याचा बायोप्सी रिपोर्ट मागून घ्या आणि सर्जनना दाखवा. क्वचित एखाद्या जाड भिंतीत कॅन्सर असतो, आणि तो तिथेच पहिल्यांदा कळतो.