छप्पर असलेला लाकडी पूल घरी कसा करावा

पुण्याच्या लकडी पुलावर आता लाकूड उरलेलं नाही. म्हणून कार्यानुभवाच्या तासाला मी मुलांना अमेरिकेतल्या व्हरमाँट आणि न्यू हॅम्पशायर राज्यांना जोडणारा, छप्पर असलेला कॉर्निश-विंडसर पूल दाखवायचो. १८६६ साली बांधलेला, ४४९ फुटी आणि अजून वापरात. त्याच्या बाजूंना आडव्यातिडव्या लाकडांची जाळी आहे. या जाळीचं पेटंट इथिएल टाउन या वास्तुविशारदाने १८२० साली घेतलं. जाळी साध्या फळ्यांची होती, त्यामुळे गावातला सुतारही ती उभी करू शकायचा. ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

अप्पा बळवंत चौकातून आइस्क्रीमच्या काड्या आणा. खुंट्यांसाठी जळून गेलेल्या उदबत्त्यांच्या काड्या चालतात. आलेख कागदावर ८ सेंटिमीटर अंतराने दोन समांतर रेषा आखा. त्यांच्यामध्ये दर ४ सेंटिमीटरला ४५ अंशांत उजवीकडे झुकलेल्या काड्या मांडा, त्यांवर तशाच डावीकडे झुकलेल्या. जिथे काड्या एकमेकींना छेदतात, तिथे खाली फळीचा तुकडा ठेवून बारीक भोक पाडा. खुंटी घट्टच बसली पाहिजे. इथे फेविकॉल लावायचा मोह टाळा, कारण जाळीचं सगळं बळ या खुंट्यांत आहे. मुलांना ते हाताला जाणवायला हवं: एका छेदाला खुंटी असेल तर जाळी वाकते, सगळीकडे खुंट्या बसवून वर-खाली पट्ट्या लावल्या की ताठ होते.

मग जाळीच्या वरच्या आणि खालच्या कडेला, आतून-बाहेरून या लांब पट्ट्या लावा. समोरासमोरच्या पट्ट्यांचे सांधे एका जागी येऊ देऊ नका, पूल तिथेच मोडेल. अशा दोन जाळ्या झाल्या की खाली फरशी आणि वर तिरपे आधार बसवा. आता फेविकॉल चालेल. दोन विटांवर पूल ठेवून एकेक वही चढवत जा.

छप्पर शेवटी. ते वाटसरूंसाठी असतं असा बहुतेकांचा समज असतो. खरं तर ते जाळीसाठी असतं. भिजत राहिलेलं लाकूड कुजतं. मुलांना हे नुसतं सांगू नका, करून दाखवा. जाळीला टिपकागदाच्या पट्ट्या चिकटवा आणि झारीने पाणी शिंपडा. पट्ट्या बदलून, उतरतं छप्पर आणि बाजूच्या फळ्या लावून पुन्हा शिंपडा. पागोळ्या जाळीपासून दूर पडाव्यात म्हणून छप्पर दोन सेंटिमीटर बाहेर काढा. फळ्या मात्र थेट वळचणीपर्यंत नेऊ नका. वर बोटभर फट ठेवा. आत वारा खेळला की ओल सुकते.