राजीनामा मागण्याआधी

विरोधी पक्षाच्या नव्या प्रवक्त्यांना तयार करणं हे माझं काम. मंत्र्याचं प्रकरण बाहेर आलं की त्यांच्या निवेदनाची पहिली ओळ ठरलेली असते: 'तात्काळ राजीनामा द्या!' मी ती खोडतो. समजा दिला त्याने आज संध्याकाळी, मग उद्या सकाळी काय बोलणार?

राजीनामा आला की सरकारची सुंठीवाचून खोकला गेल्यासारखी गत होते. नैतिकतेचे गोडवे गातात आणि विषय संपला म्हणतात. तो खुर्चीत असेपर्यंत मात्र सरकारच्या प्रत्येक पत्रकार परिषदेत पहिला प्रश्न त्याच्यावरच येतो. भिजत घोंगडं त्यांचं आहे, ते वाळत घालायची घाई आपल्याला कशाला?

म्हणून आधी कागद मागा. सही कोणाची, बैठकीला कोण होतं, टिपणावर तारीख कुठली. 2007 मध्ये अमेरिकेत सरकारी वकिलांना काढून टाकल्यावरून अॅटर्नी जनरल (तिथल्या न्याय खात्याचे प्रमुख) अल्बर्टो गोन्झालेस अडचणीत आले. एप्रिलच्या सुनावणीत ते पुन्हा पुन्हा 'आठवत नाही' म्हणत राहिले. विरोधकांना याहून चांगलं भाषण लिहून मिळालं नसतं. जूनमध्ये सिनेटमध्ये त्यांच्यावरचा अविश्वासाचा ठराव पुढे न्यायला 60 मतं हवी होती, मिळाली 53. ठराव अडला, पण राष्ट्राध्यक्षांच्याच पक्षाचे 7 सिनेटर विरोधकांबरोबर गेले, तेही नोंदीवर. गोन्झालेस यांनी राजीनामा जाहीर केला तो ऑगस्टअखेर.

सरकार अशा माणसाला का ठेवतं, हेही ओळखायला शिका. दरवेळी ती निष्ठा किंवा हट्ट नसतो. तो ढाल असतो. तो गेला की पुढचा बाण थेट नेत्यावर. शिवाय नवा माणूस आणायची किंमत पडते. 1973 च्या एप्रिलअखेर वॉटरगेट प्रकरणात अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांचे जवळचे सहकारी आणि अॅटर्नी जनरल एकाच दिवशी गेले. नव्या अॅटर्नी जनरलला सिनेटची मंजुरी हवी होती, आणि सिनेटने त्याच्याकडून स्वतंत्र विशेष अभियोक्ता नेमण्याचं वचन घेतलं. पुढे राष्ट्राध्यक्षांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या टेपसाठी निक्सन यांच्या मागे लागला तो हाच अभियोक्ता. तेव्हा जिथे वारसदाराला सभागृहाची मंजुरी लागते, तिथे अटींची यादी आधीच तयार ठेवा.

माणसाच्या दोषावर सगळी बाजी लावू नका, निर्णयावर लावा. 2जी स्पेक्ट्रम वाटपाच्या प्रकरणात दूरसंचारमंत्री ए. राजा यांनी नोव्हेंबर 2010 मध्ये राजीनामा दिला. विरोधक थांबले नाहीत, संयुक्त संसदीय समितीची मागणी धरून बसले आणि हिवाळी अधिवेशन त्यातच वाहून गेलं. 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 122 परवाने रद्द केले. 2017 मध्ये विशेष न्यायालयाने राजांसह सगळ्या आरोपींना निर्दोष सोडलं. 'तो चोर आहे' म्हणणाऱ्यांची त्या दिवशी पंचाईत झाली. 'वाटप चुकीचं होतं' म्हणणाऱ्यांच्या हातात 2012 चा निकाल होताच.

मात्र तो माणूस तपास अधिकाऱ्याची बदली करू शकत असेल, साक्षीदारांवर दबाव आणू शकत असेल, किंवा त्याच्या खात्यामुळे लोकांचे जीव धोक्यात असतील, तर माझं वरचं सगळं गुंडाळून ठेवा. त्याच दिवशी हकालपट्टी मागा. तिथे निवडणुकीची तारीख बघत बसणारा माझ्या टेबलावर नको.

उशीर सरकारलाही महागात पडतो. अमेरिकेचे संरक्षणमंत्री रम्सफेल्ड यांच्या गच्छंतीची घोषणा झाली 8 नोव्हेंबर 2006 ला, म्हणजे रिपब्लिकन पक्ष निवडणुकीत आपटला त्याच्या दुसऱ्या दिवशी. हरलेल्या उमेदवारांना तो राजीनामा काय कामाचा?

आता निवेदन. पहिल्या दिवशी तीनच वाक्यं: कोणता निर्णय, कोणते कागद हवेत, कधीपर्यंत. राजीनाम्याचा प्रश्न पत्रकार विचारतीलच. तेव्हा म्हणा, 'हा माणूस का ठेवलाय, ते त्याच्या नेत्याला विचारा.'