ओपन रेल्समध्ये अडकलेल्या संगणकचालित गाड्या कशा मोकळ्या कराव्यात

पेडण्यापासून काणकोणपर्यंतचा कोकण रेल्वेचा मार्ग बहुतांशी एकेरी असल्यामुळे समोरासमोर येणाऱ्या दोन गाड्यांपैकी एकीला थिवी किंवा करमळीसारख्या स्थानकात लूप लाइनवर, म्हणजे मुख्य रुळाशेजारच्या बाजूच्या रुळावर, थांबून दुसरीला वाट द्यावी लागते. असाच एकेरी मार्ग ओपन रेल्स या संगणकावरील रेल्वे सिम्युलेटरमध्ये चालवताना संगणकाच्या हाती असलेल्या गाड्या नेमक्या या क्रॉसिंगच्या ठिकाणी अडकतात आणि खेळाडू सिम्युलेटरच्या सॉफ्टवेअरला दोष देतो. सॉफ्टवेअर बहुधा निर्दोष असते. चूक गाडीला आखून दिलेल्या वाटेत, म्हणजे पाथमध्ये असते. म्हणून गाडी काढून टाकण्याआधी तिचा पुढचा मार्ग कोठे अडला आहे, हे शोधावे.

त्यासाठी प्रथम एफ५ दाबावे आणि मग डिस्पॅचरची, म्हणजे गाड्यांना वाट देणाऱ्या नियंत्रकाची, माहिती देणारे पान येईपर्यंत शिफ्टसह एफ५ दाबत राहावे. त्या पानावर प्रत्येक गाडीची एक ओळ असते. ओळीत एसटीए असेल तर गाडी स्थानकात थांबली आहे आणि डब्ल्यूटीपी असेल तर ती नेमून दिलेल्या जागी वाट पाहत आहे. या दोन्ही अवस्थांत घाई करू नये. एसटीपी, म्हणजे गाडी थांबलेली, असे दिसल्यास मात्र त्याच ओळीत पुढच्या सिग्नलची स्थिती आणि अधिकाराचा, म्हणजे गाडीला कोठपर्यंत जाण्याची मुभा आहे ते सांगणारा, रकाना वाचावा. टीएएच म्हणजे पुढे दुसरी गाडी आहे, ईओपी म्हणजे पाथ संपला आहे आणि ईओटी म्हणजे रूळच संपले आहेत.

समोरासमोरच्या कोंडीचा प्रश्न सर्वांत किचकट असल्याने त्याला पुरेसा वेळ द्यावा. दोन्ही गाड्यांच्या पाथमध्ये स्थानकातून एकच रूळ आखलेला असेल आणि लूपमधून जाणारा पर्यायी पाथ दिलेला नसेल, तर एकमेकींना वाट देण्याचा मार्गच उरत नाही. अ‍ॅक्टिव्हिटी एडिटरमध्ये (खेळातील आखीव प्रवास तयार करण्याच्या साधनात) हा पर्यायी पाथ दोन्ही गाड्यांना द्यावा. ओपन रेल्सच्या सेटिंगमध्ये पर्यायी पाथ स्थानाशी जोडण्याची सोयही आहे. ती निवडल्यास खेळाडूच्या गाडीचे मुख्य व पर्यायी पाथ सर्व गाड्यांना उपलब्ध होतात आणि कोणती गाडी कोठे घ्यावी हे ठरवताना गाडीची लांबी विचारात घेतली जाते. एकेरी मार्गासाठी ही सोय वापरणेच श्रेयस्कर. लांबीचा हिशेब तरीही स्वतः करावा: एलएचबी बनावटीचा प्रवासी डबा सुमारे २४ मीटरचा धरला, तर २२ डब्यांची गाडी इंजिनाशिवायच ५२८ मीटर भरते, आणि लूप त्याहून आखूड असेल तर तेथे क्रॉसिंग ठेवू नये. लूपवर उभे करून ठेवलेले सुटे वॅगन फाउलिंग मार्कच्या (शेजारच्या रुळाला अडथळा न होण्याच्या सीमेच्या) बाहेर आले असतील, तर तेही मागे सरकवावेत.

वाट पाहण्याच्या जागी गाडी अवाजवी रेंगाळत असेल, तर तेथे लिहिलेला आकडा तपासावा. साधा आकडा सेकंद दाखवतो. पण ३ या अंकाने सुरू होणारा पाच अंकी आकडा घड्याळातील वेळ दाखवतो, म्हणजे ३१२१० लिहिल्यास गाडी १२ वाजून १० मिनिटांपर्यंत थांबते. जास्त सेकंद देण्याच्या हेतूने असा आकडा लिहिला गेला, तर गाडी तासन्‌तास हलणार नाही.

गाडी मुळात अवतरतच नसेल, तर तिच्या सुरुवातीच्या जागी दुसरी गाडी उभी नाही ना, हे पाहावे आणि डेस्कटॉपवर तयार होणारी ओपन रेल्सची लॉग फाइल उघडून तिच्यात त्या पाथविषयीचा इशारा शोधावा.

कंट्रोलसह ९ दाबून उघडणाऱ्या डिस्पॅचर विंडोमधून सिग्नल हाताने बदलता येतो. मात्र हा उपाय कोंडीचे कारण ओळखण्यापुरता ठेवावा, कारण पाथमधील दोष त्याने जात नाही. दुरुस्ती झाल्यावर जुन्या सेव्हमधून पुढे न जाता अ‍ॅक्टिव्हिटी सुरुवातीपासून चालवावी, ऑटोपायलट आधी सेटिंगमध्ये व मग ऑल्टसह ए दाबून सुरू करावा, म्हणजे आपली गाडी आपोआप चालत राहील आणि ऑल्टसह ९ दाबत एकेका गाडीकडे जाऊन तिचे क्रॉसिंग निर्वेधपणे पार पडते का, ते पाहता येईल.