मंजुरीपत्र आले, पैसे कधी? गोव्यात गृहकर्जाच्या फेऱ्यातून कसे निघावे

फोंड्यात जुना फ्लॅट घेताना बँकेचे मंजुरीपत्र आम्हाला १२ दिवसांत मिळाले. घरी पेढे आले. पैसे मात्र सुटले १०६ व्या दिवशी. मधल्या काळात विक्रेत्याशी केलेल्या ॲग्रीमेंटची ६० दिवसांची मुदत संपली, ती दोनदा वाढवून घ्यावी लागली आणि नव्या घरात चवथ (गणेश चतुर्थी) करायचा बेत राहूनच गेला. कहर म्हणजे मुंबईच्या प्रोसेसिंग सेंटरने सातबारा मागितला. गोव्यात सातबारा नसतो हो, एक-चौदाचा उतारा असतो! एवढे त्यांच्या गळी उतरवायला नऊ दिवस लागले.

पुढे जे लिहिले आहे ते याच ठेचा खाऊन शिकलेले.

पायरी १: आगाऊ रक्कम देण्याआधी कागद तपासा

मंजुरीपत्र म्हणजे तुमचा पगार आणि सिबिल पाहून दिलेला होकार. घराचे कागद तोवर कोणी उघडलेलेही नसतात. पत्राच्या तळाशी ‘कायदेशीर व तांत्रिक तपासणीच्या अधीन’ अशी ओळ असते, ती आम्ही वाचली आणि सोडून दिली. खरा खेळ त्या ओळीतच असतो.

म्हणून शाखेत पहिल्याच भेटीत बँकेच्या पॅनेलवरच्या वकिलाला कोणते कागद लागतात याची यादी मागा. साधारण ती अशी असते: एक-चौदाचा उतारा (शहरी भागात फॉर्म डी), जमीन रूपांतराची सनद, बांधकाम परवाना, पंचायतीचा किंवा पालिकेचा भोगवटा दाखला, आधीच्या सगळ्या खरेदीखतांची साखळी आणि सब-रजिस्ट्रारकडचा भाररहित दाखला (मालमत्तेवर गहाण किंवा बोजा नाही याचा). आमच्या वकिलांनी हा दाखला ३० वर्षांचा मागितला. उतारा हातात आला की मालकाचे नाव पाहून थांबू नका. कुळाचा रकाना आणि ‘इतर हक्क’ हेही वाचा. तिथे कुळाचे किंवा मुंडकाराचे (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचे) नाव असेल, तर बँक पुढे सरकत नाही आणि त्यात तिचे चुकते असेही मला वाटत नाही.

आम्ही अडकलो ते सहीवर. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर गोव्यात पती-पत्नीची मालमत्ता सामायिक धरली जाते, हा पोर्तुगीज नागरी कायद्याचा वारसा. दस्तावर एकट्या नवऱ्याचे नाव असले तरी विकताना बायकोची सही लागतेच. आमच्या विक्रेत्याची पत्नी इंग्लंडमध्ये. वकिलांनी हे काढले ४१ व्या दिवशी. मग लंडनच्या भारतीय उच्चायोगातून मुखत्यारपत्र साक्षांकित करून येईपर्यंत आणखी महिना गेला. तेव्हा पहिल्याच भेटीत विक्रेत्याला विचारा: सह्या कोणाकोणाच्या लागतील आणि ती माणसे सध्या कुठे आहेत? घर आईवडिलांच्या नावावर असून ते हयात नसतील, तर वारसा दस्त किंवा इन्व्हेंटरी (वारसांतील वाटणीची न्यायालयीन प्रक्रिया) झाली आहे का, हेही विचारा. झालेली नसेल तर घर कितीही आवडो, घाई करू नका.

पायरी २: ॲग्रीमेंटमध्ये दोन ओळी वाढवा

मुदत ६० ऐवजी निदान १२० दिवसांची ठेवा. आणि मालकीच्या कागदांतील त्रुटीमुळे कर्ज नाकारले गेले तर आगाऊ रक्कम पूर्ण परत मिळेल, हे स्पष्ट लिहून घ्या. विक्रेता कुरकुरतो. कुरकुरू द्या.

बिल्डरकडून नवे घर घेत असाल, तर रेरा (स्थावर मालमत्ता नियमन) कायद्यानुसार नोंदणीकृत करार होण्याआधी तो किमतीच्या १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेऊ शकत नाही.

पायरी ३: तोंडी काही ऐकून घेऊ नका

कर्जविभागातले साहेब वाईट नव्हते. दर वेळी हसून ‘फाल्यां या’, म्हणजे उद्या या, म्हणायचे. प्रत्येक फाल्यांला एक नवा कागद निघायचा. तिसऱ्या फेरीनंतर मी ईमेल केला: ‘आजवर दिलेल्या कागदांची यादी सोबत जोडली आहे. यापुढे जे जे लागेल ते एकाच यादीत कळवावे.’ दोन दिवसांत पाच मुद्द्यांची यादी आली, तीही वकिलांच्या सहीची. हा ईमेल पहिल्या आठवड्यातच केला असता तर! प्रत्येक भेटीनंतर त्याच संध्याकाळी चार ओळी लिहून पाठवा. कर्ज नाकारले तर कारण लेखी मागा.

पायरी ४: मूल्यांकनाचा खड्डा आधीच मोजा

फ्लॅट ठरला ६० लाखांना, बँकेच्या मूल्यांकनकाराने धरले ५४ लाख. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच रक्कम देता येते आणि बँकेने हिशेब केला तो लहान आकड्यावर. ४८ लाखांऐवजी ४३.२० लाख. ४.८० लाखांची ही तूट खिशातून भरावी लागली. मुद्रांक शुल्क आणि नोंदणीचा खर्च त्यावर वेगळा. जुन्या घरासाठी ठरलेल्या किमतीच्या दहा टक्के तरी जास्तीचे हाताशी ठेवा.

पायरी ५: सही करण्याआधी ‘केएफएस’ वाचा

की फॅक्ट्स स्टेटमेंट हे कर्जाच्या अटींचे पत्रक १ ऑक्टोबर २०२४ पासून नव्या किरकोळ कर्जांसाठी देणे बंधनकारक आहे, तेही तुम्हाला समजेल अशा भाषेत. ते मिळाल्यावर विचार करायला किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात. यात नसलेले शुल्क बँक तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय लावू शकत नाही. आमच्या पत्रकात कर्जविमा गुपचूप येऊन बसला होता. ‘सगळेच घेतात’ हे उत्तर मिळाले. विमा घेणे शहाणपणाचे असेलही, पण कायद्याने सक्तीचा नाही आणि बँक सांगेल त्याच कंपनीचा तर मुळीच नाही. लेखी नकार दिला, तो निघाला.

पायरी ६: डिमांड ड्राफ्टची तारीख पाहा

ड्राफ्ट निघाला आणि नोंदणीची वेळ मिळेपर्यंत आठ दिवस बँकेच्याच कपाटात राहिला. व्याज मात्र ड्राफ्टच्या तारखेपासून सुरू! ४३.२० लाखांवर साडेआठ टक्क्यांनी आठ दिवसांचे व्याज आठ हजारांवर जाते. चेक ग्राहकाच्या हाती पडण्याआधीच्या दिवसांचे व्याज आकारण्यावर रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात बोट ठेवले आहे आणि असे जास्तीचे व्याज परत करायला सांगितले आहे. परिपत्रकाची तारीख घालून अर्ज दिला, रक्कम जमा झाली. दिलगिरीचा शब्द नाही, पण तो मी धरलाच नव्हता.

पायरी ७: तरीही हलले नाही तर

आधी बँकेच्या तक्रार विभागाकडे लेखी तक्रार करून क्रमांक घ्या. ३० दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन जाता येते. पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. कर्ज गृहवित्त कंपनीचे असेल तर दार वेगळे, राष्ट्रीय आवास बँकेचे.

आणि मूळ कागद बँकेच्या ताब्यात देताना प्रत्येकाचे नाव लिहिलेली पोचपावती घ्या, सही-शिक्क्यासह. कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत कागद परत द्यायचे असतात; बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. आमच्या पावतीवर १४ कागद आहेत. लंडनहून आलेले ते मुखत्यारपत्र त्यात नव्हते. शाखेत उभे राहून ते हाताने लिहायला लावले, मगच बाहेर पडलो.