दहा किलो भाजणी आणि एक वही

"काहीतरी सुरू करायचंय ताई, गाळा कुठं बघू?" असं विचारत कुणी आलं की मी आधी चहा टाकते. मग सांगते, गाळा राहू दे, दहा किलो धान्य आण आणि एक वही आण. मी 2021 पासून कराडला घरातूनच थालीपिठाची आणि चकलीची भाजणी विकते. आजही माझ्याकडे दुकान नाही.

वही का, ते आधी. पहिल्या खेपेला मी अर्धा किलोची पिशवी सत्तर रुपयांना दिली. हातोहात खपली. ज्वारी, बाजरी, तांदूळ, डाळी, धने-जिरे मिळून सातशे रुपये, दळण नव्वद, गॅस अंदाजे ऐंशी, पिशवी आणि लेबल मिळून सहा रुपये नग. दहा किलोतून निवडण्याची, भाजण्याची, गिरणीतली घट जाऊन नऊ किलो पीठ हातात आलं, म्हणजे अठरा पिशव्या. खर्च 978, जमा 1260. मी खूश. मुलानं वही बघून विचारलं, "आई, तुझे पैसे कुठायत यात?" निवडण्या-भाजण्यात सहा तास आणि भरण्यात दोन तास गेले होते. तासाला साठच धरले तरी 480 झाले. एकूण खर्च 1458, म्हणजे पिशवीला 81 रुपये. मी प्रत्येक पिशवीमागं अकरा रुपये पदरचे घालून शेजारणींना भाजणी खाऊ घालत होते!

आता पिशवी 120 ला आहे. दुकानदार 20 टक्के घेतो, म्हणजे 24 गेले, माझ्याकडे 96 आले. त्यातून 81 वजा करा. उरतात पंधरा. हा हिशेब तुमच्या मालाचा मांडल्याशिवाय किंमत कुणाला सांगू नका, बहिणीला तर नाहीच. एकदा सांगितलेली किंमत वाढवताना जीव जातो.

पहिली दहा किलो ओळखीत फुकट वाटू नका. फुकटचं सगळ्यांना छान लागतं. पैसे घेऊन द्या आणि पंधरा दिवसांनी कोण परत मागतं ते बघा. वीस घरांतून सात-आठ परत आली, तर पुढं जायला हरकत नाही.

आता कागदपत्रं. खाण्याचा पदार्थ विकायचा तर घरातून विकला तरी एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा संस्थेची, नोंदणी लागतेच. आपल्याकडं तिला फूड लायसन म्हणतात. मी काढली तेव्हा वर्षाची उलाढाल 12 लाखांपर्यंत असेल तर साधी नोंदणी पुरत होती आणि सरकारी फी वर्षाला शंभर रुपये होती. एका एजंटानं मला अडीच हजार सांगितले होते. मुलानं एफएसएसएआयच्या फॉसकॉस या साइटवर बसून अर्ज भरला. फोटो, ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा लागला. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगाची सरकारी नोंदणी, आधारवर होते आणि ती अगदी मोफत आहे, तिच्यासाठी कुणी पैसे मागितले तर उठून या. जीएसटीचं म्हणाल, तर राज्यातल्या राज्यात माल विकताना उलाढाल 40 लाखांच्या आत असेल तर एरवी नोंदणी लागत नाही. परराज्यात कुरिअर करायचं किंवा ऑनलाइन विकायचं ठरलं की आधी सीएला विचारा.

क्रम मात्र चुकवू नका. मी हौसेनं नंबर यायच्या आधीच पाचशे लेबलं छापून घेतली. कमळाचं चित्र होतं, अक्षरं सोनेरी होती. फूड लायसनचा चौदा आकडी नंबर तेवढा नव्हता. घटक, निव्वळ वजन, कर धरून किंमत, बॅच नंबर, पॅक केल्याची तारीख, किती दिवसांत वापरायचं, हिरव्या ठिपक्याची शाकाहारी खूण, नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, हे सगळं पिशवीवर लागतं. ती पाचशे लेबलं अजून किराणा मालाची यादी लिहायला वापरतेय. वजनकाटाही वैधमापनचा, म्हणजे सरकारी वजनमाप खात्याचा, शिक्का असलेलाच घ्या, स्वयंपाकघरातला खेळण्यासारखा काटा विक्रीला चालत नाही.

कर्ज? सरकारच्या मुद्रा कर्ज योजनेत शिशु गटात 50 हजारांपर्यंत तारण न ठेवता मिळतं. मी घेतलं नाही, कारण पहिलं वर्ष मला कढई, काटा आणि पिशव्या बंद करायचं हातमशीन एवढंच लागलं. स्वतःची चक्की घ्यायचा मोह झाला होता. पण गिरणीवाल्या काकांशी जमवून घेतलं. तांदळाचं दळण झालं की लगेच माझी चकलीची भाजणी टाकतात, बाजरीनंतर टाकली तर रंग बिघडतो.

एक खेप मात्र माझीच वाया गेली. घाईनं पीठ गरम असतानाच भरलं, पिशवीत वाफ धरली, आठवड्यात कुबट वास. बारा पिशव्या घरोघर जाऊन परत आणल्या आणि पैसे दिले. तेव्हापासून दळण आल्यावर रात्रभर सुती कापडावर पसरते आणि सकाळी भरते.

दुकानदार म्हणेल, "ठेवून जा, खपल्यावर पैसे." पहिल्यांदा पाच पिशव्या ठेवा, त्यांचे पैसे आल्याशिवाय सहावी देऊ नका. माझे सोळाशे रुपये एका दुकानात अजून अडकलेत, आणि मी तिथूनच साबण आणते म्हणून भांडताही येत नाही.

सुरुवात करायचीच असेल तर संक्रांतीनंतर करा. धुतलेलं धान्य वाळायला ऊन चांगलं असतं आणि चुका करायला दिवाळीपर्यंत वेळ मिळतो. मी दिवाळीच्या चकली-भाजणीच्या ऑर्डरी दसऱ्याला बंद करते. गेल्या वर्षी नणंदेचा फोन दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आला. तिला गिरणीचा पत्ता आणि चार वाट्या तांदूळ, दोन हरभरा डाळ, एक उडीद डाळ हे प्रमाण सांगितलं. अजून बोलत नाही माझ्याशी नीट.